आबांच्या किटलीतलं लिंबू सरबत

दूध आणि लिंबू एकमेकांच्या जवळ येऊ द्यायचे नसतात, हे प्रत्येक गृहिणीला, प्रत्येक गवळ्याला आणि बहुधा प्रत्येक मांजरालाही ठाऊक असतं. मला ते वयाच्या अडतिसाव्या वर्षी, केंदूरच्या दूध केंद्रासमोर, अंगात नवा सदरा आणि कपाळावर ओलं कुंकू असताना कळलं.

मी मूळचा यवतचा. नोकरी रांजणगावच्या एका कंपनीत, क्वालिटी विभागात. राहायला कारेगावात. सासुरवाडी केंदूर. म्हणजे माझं अख्खं आयुष्य दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांत मावतं. माझा आत्मविश्वास मात्र दोन्ही तालुक्यांत मिळून मावत नाही. (हे वाक्य माझ्या बायकोचं, वैशालीचं आहे. मी फक्त लिहून घेतलं.)

यंदा धोंड्याचा महिना भर उन्हाळ्यात आला. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला घरी बोलावतात, कपडे करतात, पाटावर बसवून ओवाळतात, पुरणाचे धोंडे आणि तेहतीस अनारसे त्याच्यापुढे ठेवतात, आणि बदल्यात त्याच्याकडून एकच अपेक्षा असते. त्यानं काहीही करू नये. एवढं सोपं काम आहे, पण मला नेमकं तेच जमत नाही.

"या वेळी मी स्वतः काहीतरी करून घालणार आहे सगळ्यांना," मी निघायच्या आधी वैशालीला म्हणालो.

"काय करणार?"

"फ्रोजन क्रीमी लेमोनेड."

"म्हणजे काय?"

"लिंबू, साखर, बर्फ, साय आणि दूध. मिक्सरला फिरवायचं आणि गारढोण करायचं. चमच्यानं खाताही येतं आणि पेल्यानं पिताही येतं."

"मग आधी एक काय ते ठरवा ना," ती म्हणाली आणि बॅग भरायला निघून गेली.

आता माझ्या सासऱ्यांविषयी सांगायला हवं. गाव त्यांना आबा म्हणतं, म्हणून मीही आबाच म्हणतो. चार गायी, बांधावर लिंबोणीची सात झाडं, आणि गावच्या दूध केंद्राचं चेअरमनपद. तीस वर्षांत त्यांच्या किटलीतलं दूध एकदाही परत आलेलं नाही. माणसं पोरांच्या मार्कांविषयी बोलतात तसे आबा आपल्या दुधाच्या फॅटविषयी बोलतात. केंद्राचा एक कडक नियमही त्यांनीच करून घेतलाय: ज्याच्या दुधात भेसळ सापडेल त्याचं दूध आठ दिवस बंद आणि त्याचं नाव केंद्राच्या फळ्यावर. गेल्याच महिन्यात शेजारच्या तात्यांच्या दुधात पाणी निघालं तेव्हा तात्यांनी पुष्कळ सांगून बघितलं की किटली धुताना राहिलं असेल. आबांनी ऐकून घेतलं आणि खडू रामभाऊ सेक्रेटरींच्या हातात दिला. तेव्हापासून तात्या आबांकडे बघताना डोळ्यांनीच तारीख विचारतात की, तुमचा नंबर कधी.

आम्ही शनिवारी दुपारी पोहोचलो. जेवण रविवारी संध्याकाळी, भावकीतली तीसेक माणसं. मी हे ज्या व्हिडिओत बघून शिकलो त्यात डब्यातलं कंडेन्स्ड मिल्क वापरलं होतं आणि मी तसे डबे शिरूरहून आणलेही होते. पण क्वालिटीतला माणूस प्रोसेस सुधारल्याशिवाय राहत नाही. गोठ्यात चार गायी असताना डब्यातलं दूध कशाला, असा विचार करून मी पहिली ट्रायल घरच्या दुधावर घेतली. दोन लिटर दूध घेतलं, त्यात आठ लिंबं पिळली आणि मोठ्या उमेदीनं ढवळलं.

तिसऱ्या फेऱ्याला पातेल्यात ढेकळं तरंगायला लागली.

माझ्या सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर पदर धरला.

"जावईबापू, हे वो काय?"

"आई, ट्रायल होती."

"दुभत्या घरात आपल्या हातानं दूध नासवू न्हाई. गायीला कळतं."

"गायीला कसं कळेल, आई?"

"तिला समदं कळतं," त्या म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य धोंड्याचा महिना असल्यामुळे त्यांनी गिळलं. पातेलं मात्र माझ्या हातातून काढून घेतलं. त्या नासलेल्या दुधाचं गूळ-वेलची घालून त्यांनी जे काही केलं ते मी संध्याकाळी दोन वाट्या खाल्लं. माझ्या चुकीतून घरात काही चांगलं निघाल्याचं तेवढं एकच उदाहरण आहे.

रविवारी मी मुकाट्यानं डबे फोडले. आणि सांगायला हरकत नाही, जमलं! डब्यातलं दाट गोड दूध लिंबाला दाद देईना. उलट दोघं मिळून असं काही मऊ, आंबटगोड झालं की वैशालीनं चमचा चाटून माझ्याकडे पहिल्यांदाच नवीन लग्न झाल्यासारखं बघितलं. मग मी सुटलोच. लिंबोणीखालची पाटी रिकामी केली. बोटांच्या चिरांत रस जाऊन हात चुरचुरायला लागले. मिक्सर चौदा वेळा फिरवला, पंधराव्या वेळी त्यातून जळका वास आला तेव्हा थांबलो. सगळा माल ठेवायचा कशात? मांडणीवर वीस लिटरची एक किटली पालथी घातलेली होती. रोजच्या वापरातल्या किटलीची ही जुळी बहीण. मी ती घासून, विसळून, पुसून घेतली आणि अर्धीअधिक भरली.

आणि लाईट गेली.

तशीही ती किटली फ्रीजमध्ये मावणार नव्हतीच, पण लाईट गेल्यामुळे मला दोष द्यायला कुणीतरी मिळालं. मी पाबळच्या रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणली. फोडून अर्धी किटलीत घातली, अर्धी बाहेरून लावायची ठरवली, मिठात घोळून. खडेमीठ गोठ्यात होतंच. प्रश्न होता, हे सगळं उभं कशात करायचं.

मागच्या दारी उंबऱ्यालगत एक टप असतो. निळा प्लास्टिकचा बॅरल अर्धा कापून केलेला. त्यात गार पाणी, आणि पाण्यात दुधाची किटली. धार काढून झाली की किटली टपात ठेवायची, वेळ झाली की आबांनी ती उचलून मोटारसायकलला अडकवायची आणि केंद्रावर जायचं. टपातली किटली केंद्राची, हे त्या घरात पाळण्यातल्या पोरालाही माहीत आहे. मला माहीत नव्हतं, कारण बारा वर्षांत मला त्या घरात कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिलेला नव्हता.

पाच वाजले होते. धार लवकर उरकलेली, दुधाची किटली टपात, झाकण बंद. आसपास कुणी नाही. टपात एकाच किटलीची जागा. मी दुधाची किटली अलगद बाहेर काढली, आत कोठीच्या खोलीत गार फरशीवर नेऊन ठेवली, वर ओलं पोतं टाकलं. (मी निष्काळजी माणूस नाही. माझ्या हातून जे काही होतं ते फार काळजीपूर्वक होतं.) मग माझी किटली टपात ठेवली, भोवती बर्फ आणि मीठ लावलं, झाकण घट्ट दाबलं, आणि समाधानानं आंघोळीला गेलो.

सहाच्या सुमारास माझा विष्णू झाला. नवा सदरा, खांद्यावर उपरणं, डोक्यावर टोपी. पाटावर बसलो. समोर रांगोळी, समई, अनारशांचं ताट. आईंनी कुंकू लावायला बोट पुढे केलं आणि तेवढ्यात मागच्या अंगणात मोटारसायकल चालू झाली.

"आबा कुठं निघाले?" मी विचारलं.

"दूध घालाय. येतील आत्ता. डोकं हालवू नका, कुंकू नाकावर यील."

"कोणती किटली नेली त्यांनी?"

"कोणती म्हंजी? टपातली."

मी टोपी सावरत उठायला लागलो.

"आई, मला उठायचंय."

"ओवाळताना पाटावरनं उठत न्हाईत."

"आई, फार अर्जंट आहे."

"संडास मागच्या अंगाला हाय. पर ओवाळून झाल्याबिगर न्हाई."

त्यांनी निरांजन उचललं. मी आयुष्यात इतकं सावकाश ओवाळताना कुणाला पाहिलेलं नाही. एकदा, दोनदा, मग सुपारीनं, मग अंगठीनं. वैशाली दारात उभी होती. तिनं माझा चेहरा बघितला. बारा वर्षांच्या संसारात तिला हा चेहरा चांगला ओळखता येतो.

"काय केलंय तुम्ही?"

"टपातली किटली लेमोनेडची आहे."

"आणि दूध?"

"कोठीच्या खोलीत. ओल्या पोत्याखाली."

तिनं एकदा डोळे मिटले आणि स्कूटीची किल्ली माझ्याकडे फेकली. अक्षता अंगावर पडत असतानाच मी उठलो. मागून आई म्हणत होत्या, "एवढी घाई व्हती तर आधी तरी जाऊन यायचं."

केंद्र दीड किलोमीटरवर. त्या दीड किलोमीटरमध्ये मला एकेक गोष्ट सुचत गेली आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा वाईट होती. आबांची किटली पहिल्यांदाच परत येणार. तात्या रांगेत असणार. नियम आबांचाच. आणि ते सरबत जर तसंच पुढे मोठ्या कूलरमध्ये गेलं, तर अख्ख्या गावाचं संध्याकाळचं दूध नासणार आणि उद्यापासून मला केंदूरला हेल्मेट घालून यावं लागणार. मी गाडी इतकी दामटली की टोपी वाटेतल्या उसात गेली.

मी पोहोचलो तेव्हा केंद्रावर सगळी रांग आबांभोवती गोळा झाली होती.

झालं होतं ते असं. टपातला बर्फ उन्हाळ्यामुळे घरातल्या कुणीतरी घातला असेल असं समजून आबांनी किटली उचलली आणि केंद्रावर नेहमीच्या थाटात गाळणीवर पालथी केली. दूध धारेनं पडतं, हे धप्पकन पडलं. गाळणी तुंबली. रामभाऊंनी थोडं खाली उतरलेलं घेऊन फॅट मोजायच्या मशीनला लावलं, तर मशीन दोनदा बीप करून गप्प झालं. तिसऱ्यांदा लावलं तर बंदच पडलं. कूलरचा कॉक रामभाऊंनी उघडला नव्हता, हे त्या दिवसाचं एकमेव भाग्य.

आबा केंद्राच्या पायरीवर बसले होते. डोक्याला हात लावून. मला वाटलं, अपमानानं. पण ते रामभाऊंना म्हणत होते, "हरणीला दगडी झाली रं. दुसरं काय असंल? सकाळी तर मी कासंला हात लावून बघितला व्हता. मऊ व्हती. डॉक्टरला फोन लाव."

दगडी म्हणजे गायीच्या कासेचा आजार. कास कठीण होते, दूध फाटून गाठी गाठी येतं, आणि वेळेत कळलं नाही तर सड कायमचा जातो. हरणी आबांची सगळ्यात लाडकी गाय. आबांना किटलीचं, फळ्याचं, तात्यांचं कशाचंच भान नव्हतं. डोळ्यांत पाणी होतं. आणि त्यांच्या शेजारी, एक महिना सूड घ्यायची वाट बघणारे तात्या, हातातली स्वतःची किटली खाली ठेवून त्यांना समजावत होते.

"आबा, काय न्हाई व्हायचं. माझ्या तांबडीला झाली व्हती. आठ दिवसांत खडखडीत. मी येतो की संगट."

मला त्या क्षणी खरोखर पळून जावंसं वाटलं. यवतला, आईबापाकडे, थेट.

"आबा," मी म्हणालो. "हरणीला काही झालेलं नाही."

सगळ्यांनी वळून बघितलं. कपाळावरचं कुंकू घामानं नाकावर आलं होतं, केसांत अक्षता होत्या.

"ते दूध नाहीये. सरबत आहे."

"कशाचं?" रामभाऊंनी विचारलं.

"लिंबाचं."

"लिंबाचं सरबत पांढरं?"

"त्यात दूध आहे. डब्यातलं. आणि साय."

"दुधात लिंबू घातलं?" रामभाऊ थांबले. "आपणहून?"

"हो."

"घरची मानसं व्हती का तवा?"

"होती. पण मी जावई आहे ना. मला कुणी काही बोलत नाही."

यावर रांगेतल्या तीन-चार जणांनी मान डोलावली. तात्यांनी गाळणीत बोट बुडवून तोंडात घातलं.

"ग्वाड हाय," ते म्हणाले. पुन्हा बोट घातलं. "गार बी हाय." तिसऱ्यांदा त्यांनी बोट घातलं नाही, केंद्रातला चहाचा पेला मागितला.

आबा उठून माझ्यासमोर आले. मी मान खाली घातली. आता पायताण निघालं तरी चालेल, अशी माझी तयारी होती.

"हरणी ठीक हाय?"

"हो, आबा."

"नक्की?"

"तिचं दूध कोठीच्या खोलीत आहे. चांगलं आहे. मी ओलं पोतं टाकलंय."

आबांनी एक लांब श्वास सोडला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, सुटलो. पण तात्यांचा पेला एव्हाना रिकामा झाला होता आणि त्यांची माया आटली होती.

"ब्येस झालं, गाय बरी हाय ते," ते मिशी पुसत म्हणाले. "पर आबा, नियम म्हंजी नियम. किटलीत जे आलं ते दूध न्हवं."

"व्हय," आबा म्हणाले. "रामभाऊ, लिव्हा माझं नाव."

रामभाऊंचा हात खडूकडे जाईना. "आबा, आवो हे चुकून झालंय. आन् तुम्ही चेअरमन."

"म्हनून तर. तात्याचं बी चुकूनच झालं व्हतं म्हनं."

मी मधे पडलो. "आबा, माझं नाव लिहा. चूक माझी आहे."

"तुमची गाय हाय का इथं? खातं माझं, किटली माझी."

"पण चूक तर माझीच ना."

"चूक तुमची," आबा म्हणाले, "पर जावई माझा. लिव्हा, रामभाऊ. आठ दिवस दूध बंद."

मला भरून आलं. खरंच आलं. तीस वर्षं त्या माणसानं ज्या गोष्टीसाठी पहाटे उठून जीव काढला, ती माझ्या चौदा मिक्सर लिंबानं एका संध्याकाळी घालवली, आणि तो मला एक शब्द बोलला नाही. मी त्यांचे पाय धरायला वाकलो, तर ते मागे सरले. धोंड्याच्या महिन्यात विष्णूनं कुणाच्या पाया पडायचं नसतं म्हणे. मग मी माझ्या परीनं प्रायश्चित्त घेतलं. गाळणी, वजनाचं भांडं आणि मशीनची नळी केंद्रामागच्या नळावर नेऊन धूत बसलो. नवा सदरा भिजला. पलीकडे फळ्यावर खडू कुरकुरत होता, मधे आबा काहीतरी म्हणाले, रामभाऊ खोकले आणि तात्या मोठ्यानं हसले. मला वाटलं, सरबताविषयी काही असेल.

सरबत मात्र घरी परत आलंच नाही. रांगेतल्या सगळ्यांनी आधी चव म्हणून, मग उकडतंय म्हणून आणि शेवटी टाकून कशाला द्यायचं म्हणून ते संपवलं. किटलीच्या तळाशी उरलेलं रामभाऊंनी बोटानं निपटलं. ज्यांच्यासाठी मी दोन दिवस राबलो त्या भावकीतल्या तीस माणसांना गार पाण्यावर जेवावं लागलं. आईंनी सगळी हकिगत ऐकून घेतली, ओल्या पोत्याखालची किटली बघितली आणि चुलीवर मोठी कढई चढवली. "आता आठ दिवस बासुंदी, खवा, पेढं," त्या म्हणाल्या. "जावईबापू, तुम्ही मातूर आता कशाला हात लावू नका." त्या दिवशी पहिल्यांदाच मला काही न करणं जमलं. आबांनी जेवताना माझ्या पानात आग्रहानं तूप वाढलं. मला त्याचाच जास्त त्रास झाला.

सोमवारी सकाळी माझी फर्स्ट शिफ्ट. आम्ही लवकर निघालो. केंद्रापाशी आलो तेव्हा वैशाली म्हणाली, "थांबा जरा. आबांचं नाव बघू."

मला बघायचं नव्हतं. पण बघणं भाग होतं. केंद्राबाहेरच्या काळ्या फळ्यावर तीन रकाने होते. पहिल्यात नाव, दुसऱ्यात तारीख, तिसऱ्यात भेसळ कशाची ते. वरून वाचत आलो. पाणी. पाणी. साखर. तात्यांच्या नावापुढे पुन्हा पाणी. सगळ्यात खाली रामभाऊंनी आबांचं पूर्ण नाव लिहिलं होतं, आदरानं, पुढे श्री. लावून. पण तिसरा रकाना रामभाऊंच्या अक्षरात नव्हता. तो आबांनी खडू मागून घेऊन स्वतः भरलेला दिसत होता, ठसठशीत वळणदार अक्षरात, लांबून वाचता यावा इतका मोठा.

तिथं लिहिलं होतं: जावई.